मालक नको म्हणता, मग ग्रुपचा मालक कोण?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अराज्यवादावर (अनार्किझम, म्हणजे वरून हुकूम सोडणारी सत्ताच नको हा विचार) एक छोटं टिपण आलं होतं. अधिकारशाहीविरुद्ध बोलणाऱ्या चळवळींनी आपली सगळी माणसं दोन-तीन अमेरिकी कंपन्यांच्या वहीत, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपसारख्या ठिकाणी, नोंदवून ठेवली आहेत, एवढाच त्यातला मुद्दा. त्यावर सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरं संघटनेचं आणि संगणकाचं काम सांभाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

दंगल झाली, एसटी फोडली की बातमीत 'अराजक माजलं' असं म्हणतात. अराज्यवाद्यांना हेच हवं असतं का? सरकार नको, पोलीस नको, नियम नको? आणि आपल्याकडचं पत्री सरकार यात बसतं का?
— एक वाचक, कराड

नियमच नकोत, असं कुठल्याही गंभीर अराज्यवाद्याचं म्हणणं नाही. त्यांचं भांडण आहे ते वरून हुकूम सोडणाऱ्या कायमच्या खुर्चीशी. नियम पाळणाऱ्यांनीच तो बसून ठरवावा, ज्याच्यावर काम सोपवलं त्याला उद्या परत बोलावता यावं आणि ज्याला पटत नाही त्याला बाहेर पडता यावं. ही कसोटी लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरांत ती मोबाइललाही लावायची आहे.

फ्रान्सच्या प्रूदाँनं १८४० मध्ये स्वतःला उघड उघड अनार्किस्ट म्हणवून घेतलं. पुढं पहिल्या इंटरनॅशनलमध्ये (कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत) मार्क्स आणि रशियन अराज्यवादी बाकुनिन यांचं वाजलं आणि १८७२ च्या हेग अधिवेशनात बाकुनिनची हकालपट्टी झाली. राज्ययंत्र कष्टकऱ्यांनी ताब्यात घ्यावं, असं मार्क्सचं म्हणणं. बाकुनिन म्हणायचा, ते यंत्र ज्याच्या हाती जाईल तोच नवा मालक होऊन बसेल. क्रोपॉटकिन हाही रशियन अराज्यवादी, मूळचा भूगोलाचा अभ्यासक. टिकून राहायला परस्पर मदत किती कामाला येते, हे त्यानं प्राण्यांपासून मध्ययुगीन शहरांपर्यंतचे दाखले देऊन १९०२ च्या पुस्तकात मांडलं.

बदनामी फुकटची झाली, असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही अराज्यवाद्यांनी खरोखरच बाँब टाकले. १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडणारा माणूस स्वतःला अराज्यवादीच म्हणवत होता. वर्तमानपत्रांच्या लक्षात तेवढंच राहिलं.

आपल्याकडंही हा विचार परका नव्हता. गांधीजींनी १९१६ मध्ये बनारसच्या भाषणात आपणही अराज्यवादीच, पण वेगळ्या प्रकारचे, असं सांगितलं होतं. भगतसिंगांनी १९२८ मध्ये 'किरती' मासिकात अराज्यवादावर लेख लिहिले. १९२० मध्ये ताश्कंदला कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत असलेले एम. पी. टी. आचार्य पुढं पक्ष सोडून पक्के अराज्यवादी झाले. १९५४ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता पत्री सरकार. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगलीचे वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही त्यातच होते) क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चालवलं. ते अराज्यवादी नव्हतं. नावापासूनच ते सरकार होतं, त्याची तुफान सेना होती आणि ते शिक्षाही देत होतं. ओढूनताणून त्याला अराज्यवादी ठरवायचं कारण नाही. मात्र गावागावातले गट, गावातच तंटे मिटवणारी न्यायदान मंडळं, इंग्रजांच्या तारयंत्रावर न विसंबता माणसांकरवी जाणारे निरोप, ही कामाची रीत अराज्यवाद्यांना ओळखीची वाटली असती. वरचा नेता पकडला गेला तरी खालचं काम चालू राहावं, अशी ती बांधणी होती.

'सत्ता नको, कंपनीशाही नको' अशा पोस्ट इन्स्टाग्रामवर टाकायच्या, हा दुटप्पीपणा नाही का?
— विद्यार्थी, वाई

दुटप्पीपणाचा आरोप करणं सोपं आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. गिरणीमालकाविरुद्धचं पत्रक गिरणीच्याच कागदावर छापलं म्हणून संप खोटा ठरत नाही. कंपनीच्या हातात नेमकं काय गेलं, हे बघितलं पाहिजे.

ही अडचण अराज्यवाद्यांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा बार्सिलोनातल्या ट्राम, कारखाने आणि टेलिफोन एक्स्चेंज कामगार संघटनांनी चालवायला घेतलं. टेलिफोन कंपनी मुळात आयटीटी या अमेरिकी कंपनीच्या पंखाखालची. एक्स्चेंज सीएनटी या अराज्यवादी संघटनेच्या हातात, म्हणजे मंत्र्यांचे फोनसुद्धा त्यांच्या हातांतून जाणार. सरकारला हे सहन होईना. ३ मे १९३७ ला पोलीस त्या इमारतीत घुसले आणि नंतरचे काही दिवस शहरात रस्त्यारस्त्यांवर गोळीबार चालला. निरोपाची वाट कुणाच्या हातात आहे यावर माणसं मेली, इतकं ते महत्त्वाचं होतं. आज तीच वाट आपण अटी न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबून देऊन टाकतो.

अलीकडची उदाहरणंही आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये फेसबुकनं एका फटक्यात अमेरिकेतल्या काही अराज्यवादी प्रकाशन गटांची पानं काढून टाकली. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसलेले असताना किसान एकता मोर्चाचं फेसबुक पान काही तास गायब होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्विटरवर त्याच मोर्चाचं खातं भारतात रोखून धरलं, तेही सरकारच्या सांगण्यावरून. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९अ हे कलम त्यासाठीच आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला तर कुणी बंदीही घातली नव्हती. कंपनीच्या स्वतःच्याच नेटवर्क सेटिंगमध्ये चूक झाली आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही सुमारे सहा तास एकदम बंद पडली. तिन्हींचा मालक एकच असला की असं होतं.

इथं कसोटी लावून बघा. नियम तुम्ही ठरवले नाहीत. तुमची पोस्ट कमी लोकांना दाखवायची असं ठरवणारा कोण, ते तुम्हाला कळत नाही, मग त्याला परत बोलावणं दूरच. बाहेर पडता येतं, पण पाच वर्षांत जोडलेली चार हजार माणसं मागंच राहतात. खरा खोडा या शेवटच्या गोष्टीत आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. १९९९ मध्ये सिएटलच्या जागतिक व्यापार परिषदेविरुद्धच्या निदर्शनांत कार्यकर्त्यांनी इंडीमीडिया हे स्वतःचं संकेतस्थळ उभं केलं. कुणीही बातमी टाकावी, फोटो टाकावा. बघता बघता जगभर त्याच्या शाखा निघाल्या, फेसबुकच्या कितीतरी आधी. पुढं तीही थकली. कचरा पोस्ट उपसणारी माणसं कमी पडली, सर्व्हरचं (संकेतस्थळ ज्या यंत्रावर चालतं त्याचं) काम दोघा-तिघांच्याच अंगावर पडलं, २००४ मध्ये लंडनमधले सर्व्हर जप्त झाले, आणि मग वाचकच फेसबुककडं गेले. स्वतःचं साधन उभं करणाऱ्यांनी हा शेवट आधी वाचावा.

आमच्या पाणीप्रश्नाच्या ग्रुपमध्ये ६०० माणसं होती. ग्रुप काढणाऱ्याशी भांडण झालं, त्यानं एकेकाला काढून ग्रुपच उडवला. कुणाचा नंबर कुणाकडं नाही. आता काय करावं आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं?
— एक कार्यकर्ती, तासगाव तालुका

आधी झालं काय ते समजून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ज्यानं ग्रुप काढला त्याला बाकीचे अ‍ॅडमिन काढू शकत नाहीत. तो स्वतः बाहेर पडेपर्यंत अ‍ॅडमिनच राहतो. म्हणजे दहा अ‍ॅडमिन नेमले तरी मूळ माणसाचा हात वरच. एकटाच अ‍ॅडमिन असेल आणि तो बाहेर पडला, तर अ‍ॅप उरलेल्यांतून कुणालाही अ‍ॅडमिन करून टाकतं, ग्रुपमध्ये कालच आलेल्या माणसालासुद्धा. यात कुणाची निवड नाही की ठराव नाही.

ज्यांच्या फोनमधून तो ग्रुप अजून डिलीट झालेला नाही, अशा चार-पाच जणांना आज संध्याकाळीच एकत्र बसवा. काढून टाकलेल्यालाही जुन्या गप्पा दिसतात, आणि ज्यांनी ज्यांनी मेसेज टाकले त्यांचे नंबर त्यात सापडतात. ते वहीत उतरवा. गप्प बसणारे त्यात मिळणार नाहीत, आणि ६०० च्या ग्रुपात बहुतेक सगळे गप्पच असतात. त्यांच्यासाठी गावोगाव जाणं आलं.

पुढच्या वेळेसाठी वही हीच मुख्य समजा आणि ग्रुप हा तिचा एक उपयोग. वहीत रकाने मोजके ठेवा: नाव, गाव-वस्ती, फोन, घरातला दुसरा फोन, कुणाच्या ओळखीनं आले. जात, आधार, पक्ष असलं काही लिहू नका. जे लिहिलंच नाही ते कुणाच्या हातीही लागत नाही. नाव लिहिताना 'लिहू का?' असं विचारा. सगळ्या तालुक्याची एकच जाडजूड वही करण्यापेक्षा गाववार वेगळ्या वह्या करा, म्हणजे एक हरवली किंवा उचलली गेली तरी नुकसान एका गावापुरतं राहील. प्रत्येक वहीची एक प्रत दुसऱ्या घरात असू द्या. दर तीन महिन्यांनी नंबर लावून बघा. नव्वद दिवस न वापरलेलं सिम बंद होऊ शकतं आणि तोच नंबर नंतर अनोळखी माणसाला मिळतो. तो नंबर ग्रुपमध्ये तसाच पडून असेल, तर तुमच्या यादीत एक परका आहे.

निरोपासाठी फोनसाखळी लावा. एकानं पाच जणांना फोन करायचा, त्या पाचांनी प्रत्येकी पाच जणांना. पहिल्या फेरीत ५, दुसरीत २५, तिसरीत १२५. म्हणजे तीन फेऱ्यांत १५५ जणांना निरोप पोचला. उरलेले ४४५ जण चौथ्या फेरीत, तिसऱ्या फेरीतल्या प्रत्येकाला जास्तीत जास्त चार फोन. एका फेरीला वीस मिनिटं धरली तर दीड तासात ६०० माणसं. इंटरनेट लागत नाही आणि साधा बटणांचा फोनही चालतो.

साखळी तुटते ती वरच्या बाजूला. पहिल्या पाचांतला एक जण फोन घरी ठेवून बागेत फवारणीला गेला, की त्याच्या खालच्या सुमारे १२० जणांना काही कळतच नाही. म्हणून वरच्या दोन फेऱ्यांतल्या प्रत्येकाला जोडीदार द्या: एक नाही उचलला तर दुसरा. शेवटच्या फेरीतल्या काही ठरावीक माणसांनी उलट फोन करून 'पोचलं' असं कळवायचं. एखाद्या फांदीवरून उलट फोन आला नाही की ती तुटली असं समजायचं. निरोप दोन वाक्यांत बसवा (कुठं, कधी, काय आणायचं) आणि ऐकणाऱ्याकडून परत म्हणून घ्या. तसं केलं नाही तर 'सोमवारी अकराला प्रांत कार्यालय' हे चौथ्या फेरीला 'मंगळवारी तहसील' होऊन पोचतं.

तुमच्या पत्रात नाही, तरी एक गोष्ट सांगतो. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. अशा ग्रुपमधून बायकांना रात्री-बेरात्री मेसेज येतात आणि त्या काही न बोलता बाहेर पडतात. मग अहवालात 'महिलांचा प्रतिसाद कमी' असं लिहिलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर अनेक ग्रुप एकत्र बांधणारी 'कम्युनिटी' काढता येते, तिच्या अनाउन्समेंट (सूचनांच्या) भागात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मोठ्या यादीसाठी ते वापरा आणि बोलायचे ग्रुप वस्तीपुरते छोटे ठेवा.

पुढारी नाही म्हटल्यावर निर्णय कसे घ्यायचे? आमच्याकडं बैठक रात्री एकपर्यंत चालते आणि शेवटी जो मोठ्यानं बोलतो त्याचंच होतं.
— आटपाडी तालुका

पुढारी नेमला नाही म्हणजे पुढारी नाही, असं होत नसतं. न नेमलेला पुढारी जास्त त्रासदायक, कारण त्याला काढण्याची सोयच नसते. म्हणून अराज्यवादी संघटनांत नियम कमी नसतात, उलट जरा जास्तच असतात.

एका गटात आठ ते पंधरा माणसं ठेवा. त्यापेक्षा जास्त झाली की चार बोलतात आणि बाकीची ऐकतात. प्रत्येक गटानं आपला एक निरोप्या पाठवायचा. तो प्रतिनिधी असला तरी त्याला स्वतःच्या मनानं शब्द देता येत नाही. गटानं काय ठरवलं ते लिहून न्यायचं आणि समोरून नवं काही आलं तर परत येऊन विचारायचं. निरोप्या दर दोन-तीन महिन्यांनी बदला. मधेच त्याला परत बोलावण्याचा अधिकार गटाकडं असू द्या आणि तसं आधीच लिहून ठेवा, कारण भांडण सुरू झाल्यावर हा नियम कुणी मान्य करत नाही.

सहमती म्हणजे सगळ्यांच्या माना एकाच दिशेला हलणं नव्हे. 'मला पटत नाही, पण तुम्ही करा, मी आड येत नाही' हा एक पर्याय. 'हे केलं तर संघटनेचा पायाच मोडतो, मी अडवतो' हा दुसरा. दुसरा पर्याय वापरणाऱ्यानं कारण सांगायचं आणि पुढच्या बैठकीपर्यंत दुसरा मार्ग आणायचा. दोन बैठकांत जमलं नाही तर तीन चतुर्थांश मतांनी निकाल. हे प्रमाण तुम्ही आधी ठरवा, आमचंच घ्या असं नाही.

बैठकीची शेवटची वेळ शेवटच्या एसटीवरून ठरवा. रात्री साडेनऊनंतर घेतलेला निर्णय म्हणजे मोटारसायकल असलेल्या पुरुषांचा निर्णय. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकराला 'सगळ्यांचं ओके ना?' विचारून सात अंगठ्यांवर ठराव करणं हा तोच प्रकार. ग्रुपवर चर्चा करा, ठराव मात्र बैठकीतच करा.

तुमच्या भागात याचे धडे आहेतच. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभं केलं. पैशाचा एक भाग नदीतल्या वाळूच्या विक्रीतून आला, आणि पाण्यात भूमिहीनांनाही वाटा, हे तत्त्व सुरुवातीलाच धरलं. त्या लोकांनी स्वतःला अराज्यवादी म्हणवलं नाही. पण ज्याला शेत नाही त्यालाही वाटपाच्या चर्चेत बसवायचं, ही गोष्ट पुस्तकं वाचलेल्या गटांनाही सहज जमत नाही.

महापुरात आणि इंटरनेट बंद असताना काय चालतं?
— मिरज आणि सातारा येथून दोन पत्रं

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. अशा दिवसांत 'पाणी ओसरलं' आणि 'अमुक धरण फुटलं' हे दोन्ही मेसेज एकाच ग्रुपवर येतात. कंपनीनं भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, त्यानं अफवेचा वेग कमी होतो, अफवा थांबत नाही. तुम्ही काय करू शकता? प्रत्येक मेसेजच्या पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ लिहा, फोटो असेल तर फोटोवरच लिहा, आणि व्हॉइस मेसेज तारीख बोलूनच सुरू करा. फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर मूळ वेळ राहत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या 'बोट पाठवा' वर माणसं आजही धावतात. मदत पोचली की 'पोचली, थांबा' हा मेसेजही तितकाच फिरवा.

वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर काही तासच चालतो. रेंज अगदी कमी असली तरी एसएमएस अनेकदा निघतो, इंटरनेट निघत नाही. बहुतेक पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात, तेव्हा सहा माणसांनी वाटून घेतलं तर ६०० जणांना जातो. एका गठ्ठ्यात हजारो एसएमएस पाठवायचे तर संस्थेची आणि मजकुराच्या नमुन्याची आधी डीएलटी नोंदणी (दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी) लागते. ती पुराच्या दिवशी होत नाही. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसते, पण हवामान, वाहतूक, पाणीपुरवठा, आपत्ती यांची माहिती ती देऊ शकतात. मोबाइलमधला एफएम ऐकायचा तर वायरचा इअरफोन लागतो, तोच अँटेनाचं काम करतो. हल्लीच्या बऱ्याच फोनांत एफएमच नाही, म्हणून सेलवरचा जुना रेडिओ फेकू नका.

सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीच्या हिंसाचारानंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद केलं गेलं. ठिणगी पडली होती सोशल मीडियावरच्या पोस्टवरून. अशा वेळी साधे फोन सहसा चालू राहतात, म्हणून फोनसाखळी. बंदीचा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं आहे. आदेशाची प्रत मागून ठेवा.

ब्रायर नावाचं अ‍ॅप इंटरनेटशिवाय ब्लूटूथवर मेसेज पोचवतं. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मोबाइलमध्ये ते फक्त अँड्रॉइडवर चालतं, अंतर मोकळ्या जागेत दहा-एक मीटर आणि मध्ये भिंत आली की त्याहून कमी. समोरासमोर क्यूआर कोड दाखवून किंवा लिंक देऊन एकमेकांची ओळख आधी करून घ्यावी लागते. आणि फोनचं बॅटरी बचतीचं सेटिंग ते गुपचूप बंद करून टाकतं, म्हणून त्याला त्यातून सूट द्यावी लागते. शेजारच्या खोलीत निरोप द्यायला हे बरं. पुढच्या गावाला मोटारसायकलवर चिठ्ठी लवकर जाते.

सिग्नल, टेलिग्राम की मास्टोडॉन? स्वतःचा सर्व्हर टाकावा का?
— विटा

टेलिग्रामच्या ग्रुपमधल्या गप्पा टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद (बोलणाऱ्यांशिवाय कुणालाच, कंपनीलाही, वाचता न येणाऱ्या) नसतात, त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात. हे बऱ्याच कार्यकर्त्यांना माहीत नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून मजकूर कुलूपबंद आहे, पण कोण कुणाशी, किती वाजता, कोणत्या ग्रुपात, हे कंपनीला कळतं. शिवाय बॅकअपचं एनक्रिप्शन स्वतः चालू केलं नसेल तर तो गूगलच्या खात्यात उघडाच असतो. सिग्नल याबाबतीत सरस. ते नफा न कमावणारी संस्था चालवते, २०२४ पासून समोरच्याला नंबर न देता वापरकर्ता-नावानं बोलता येतं आणि मेसेज चार आठवड्यांपर्यंतच्या मुदतीनं आपोआप पुसता येतात. पण त्याचेही सर्व्हर एकाच अमेरिकी संस्थेच्या हातात, तेही बरेचसे अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या जागेत. म्हणून ते सुरक्षित आहे म्हणा, अराज्यवादी म्हणू नका. दहा-वीस जणांच्या कामाच्या गटाला आम्ही सिग्नलच सुचवू.

मास्टोडॉनची घडण वेगळी. हे ट्विटरसारखं माध्यम २०१६ मध्ये सुरू झालं. हजारो लहान-मोठे सर्व्हर, प्रत्येकाचे नियम वेगळे, पण एकाच भाषेत (अ‍ॅक्टिव्हिटीपब) एकमेकांशी बोलणारे. एक सर्व्हर आवडला नाही तर आपले अनुयायी बरोबर घेऊन दुसरीकडं जाता येतं, जुन्या पोस्ट मात्र तिथंच राहतात. 'बाहेर पडता यावं' ही अट पुरी करणारं दुसरं मोठं माध्यम आम्हाला तरी दिसत नाही.

सर्व्हर टाकायचाच तर हिशेब असा. शंभरेक माणसांसाठी ४ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर, महिना हजार ते दोन हजार रुपये. २ जीबीवर सुरू होतो, पण अपडेटच्या वेळी धाप लागते. डोमेनचे (संकेतस्थळाच्या नावाचे) वर्षाला साधारण हजार रुपये. डोमेन विचार करून निवडा, नंतर ते बदलता येत नाही, कारण सगळ्यांचे पत्ते त्यालाच बांधलेले असतात. पहिल्या महिन्यात हमखास भरते ती डिस्क: दुसऱ्या सर्व्हरवरच्या चित्रांच्या प्रती आपल्याकडं साठत जातात. ती साठवण सात दिवसांवर आणून ठेवली नाही तर डिस्क भरते, डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही आणि सगळंच आडवं होतं. दुसरी रड ईमेलची. भाड्याच्या सर्व्हरवरून थेट पाठवलेली ईमेल बहुधा अडवली जाते किंवा स्पॅममध्ये पडते, म्हणून पाठवणीची वेगळी सेवा घ्या. रोजचा डेटाबेस बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवा, त्याच्याबरोबर गुप्त किल्ल्यांची सेटिंग फाइलही ठेवा, आणि तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर एकदा चढवून बघा. चढवून न बघितलेला बॅकअप हिशेबात धरू नका.

एवढं करून बहुतेक सर्व्हर मरतात ते माणसांमुळंच. डोमेन एका उत्साही मुलाच्या खासगी जीमेलवर घेतलेलं असतं, त्याला पुण्यात नोकरी लागते, नूतनीकरणाची ईमेल कुणी बघत नाही. म्हणून डोमेन, सर्व्हर आणि पैसे भरण्याचं खातं या तिन्हींच्या किल्ल्या किमान तीन माणसांकडं असू द्या आणि वर्षातून एकदा त्यांची अदलाबदल करा. तीन माणसं मिळत नसतील तर सर्व्हर टाकूच नका. कुणाच्या तरी चालू सर्व्हरवर खातं काढा आणि भाड्यात वाटा उचला.

खरं सांगायचं तर तुमच्या तालुक्यातले लोक आज मास्टोडॉनवर नाहीत. तिथं पत्रकार, अभ्यासक, बाहेरचे मित्र सापडतील. गावासाठी पत्रक छापा: एका ए-४ कागदावर चार मावतात, म्हणजे अडीचशे कागदांत हजार. निवडणुकीचं पत्रक असेल तर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता कायद्यानं लागतो. भोंग्याची रिक्षा फिरवायची तर पोलिसांची परवानगी आधी घ्या, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद.

मग आजच फेसबुक बंद करून टाकू का?
— कोरेगाव

नको. बाजाराच्या दिवशी बाजारात जावंच लागतं, फक्त बिऱ्हाड तिथं थाटू नका. पानाला पूर्ण अधिकार असलेले किमान दोन जण ठेवा, नाहीतर एकाचं खातं गोठलं की पान बेवारस होतं. मूळ मजकूर आधी स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा पत्रकात घ्या आणि मग फेसबुकवर टाका. प्रत्येक पोस्टखाली गावातल्या वहीवाल्याचा नंबर द्या, मात्र ज्याचा नंबर द्यायचा त्याला विचारून. फेसबुकच्या सेटिंगमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये आपली माहिती उतरवून घेण्याची सोय आहे, तिथून सगळ्याची प्रत मागवा. लिंक थोडेच दिवस चालते, म्हणून आली की लगेच उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचा 'एक्सपोर्ट चॅट' फोटोंसह शेवटचे १०,००० आणि फोटोंशिवाय ४०,००० मेसेज देतो. वर्दळीचा ग्रुप असेल तर दर महिन्याला काढा, फोटोंशिवायच काढा, आणि फाइलच्या नावात तारीख घाला.